दहातल्या दोन चिठ्ठ्या

धुलाई कारखान्यात सगळे तिला घडीवाल्या वहिनी म्हणत. दवाखान्यांच्या चादरी इस्त्रीच्या यंत्रातून गरमागरम बाहेर आल्या की झेलायच्या आणि घडी घालायची, हे तिचं काम. कोपऱ्याला कोपरा असा जुळायचा की साहेबांनाही नाव ठेवायला जागा नसे. काळजी करण्यात तर तिचा हात त्याहून बसलेला. एखाद्या दिवशी काळजीचं काहीच नसलं, तर त्याचीच तिला काळजी वाटायची.

या वेळी मात्र कारण खरं होतं. कंपनीने दूरच्या गावात नवा कारखाना काढला होता. तिथल्या नव्या माणसांना काम शिकवायला इथल्या दहा जुन्या कामगारांपैकी एकाला वर्षभर जाऊन राहायचं होतं. आपणहून कोणी तयार होईना. साहेब वैतागून म्हणाले, "शनिवारी चिठ्ठी काढतो. ज्याची निघेल त्याने मुकाट्याने जायचं." त्या दहांत ती होती, आणि बॉयलर सांभाळणारा तिचा नवराही होता.

नवऱ्याने दारू सोडून दीड वर्ष झालं होतं. सोडली म्हणजे दोघांनी मिळून सोडली. काम सुटलं की दोघं बरोबर निघत, दारूच्या दुकानाच्या बाजूने ती चाले, आणि दुकान जवळ आलं की हटकून काहीतरी विचारी. नळ कधी दुरुस्त करताय? भाजी कुठली घ्यायची? तोही शहाण्यासारखी उत्तरं देई. काय चाललंय ते दोघांना पक्कं ठाऊक होतं, पण बोलून कोणी दाखवत नसे. परक्या गावात, एकट्या खोलीत, संध्याकाळी त्याला नळाचं कोण विचारणार?

"यांची चिठ्ठी निघेल नाहीतर निघणार नाही," ती लेकीला म्हणाली. "म्हणजे निम्मी भीती तर आहेच की गं!"

दहावीतली लेक खळखळून हसली. "अगं आई, मग दहाही जणांची निम्मी निम्मी होईल! चिठ्ठ्या दहा, त्यात बाबांची एक. म्हणजे दहात एक."

आईला जरा हायसं वाटलं. पण लेक गप्प बसेल तर ना!

"तुझीही चिठ्ठी आहे त्यात. काढणार एकच, म्हणजे तुझी आणि बाबांची एकदम निघूच शकत नाही. अशा वेळी सरळ बेरीज करायची. आपल्या घरातलं कोणीतरी जाण्याची शक्यता दहात दोन."

"माझी कशाला मिळवतेस त्यात?" ती उखडली. "माझी निघाली तर उलट बरंच. यांची निघायचा प्रश्नच मिटला!"

"घर म्हटलं की दोन्ही मिळवायच्या, आई."

"राहू दे तुझं गणित."

पण एक गोष्ट तिने त्या गणितातून नेमकी उचलली. आपली निघाली की त्यांची निघत नाही. दोन दिवस ती तेच घोकत राहिली. चादरींचे कोपरे जुळेनात, शेजारच्या बायका चिडवायला लागल्या, तिला एक ऐकू येईना.

शनिवारी साहेबांनी दहा नावं लिहिली आणि कागद तिच्याच पुढ्यात टाकले. "वहिनी, घड्या तुम्हीच घाला. तुमच्याइतक्या एकसारख्या कोणाला जमणार?" तिने नऊ चिठ्ठ्या चपट्या, एकसारख्या दुमडल्या. स्वतःच्या नावाला मात्र दोन घड्या जास्त घातल्या. त्याही नीट पडल्या. यात कोणाचं काय वाईट होणार होतं? उलट बाकीचे सुटतीलच, असं तिने मनाला बजावलं.

चिठ्ठ्या उशीच्या अभ्र्यात पडल्या. साहेबांनी हात घातला, बोटांनी चाचपलं, आणि जाड चिठ्ठी वर आली. तिचं नाव ऐकून तिचा जीव भांड्यात पडला. सगळे कीव करत होते आणि ही चक्क हसत होती.

संध्याकाळी दोघं नेहमीसारखी निघाली. दारूचं दुकान जवळ आलं. आज ती इतकी हलकी झाली होती की विचारायचंच विसरली. तो दुकानाकडे न बघता चार पावलं चालला, मग थांबला.

"तू गेल्यावर," तो हळू आवाजात म्हणाला, "मला इथं नळाचं कोण विचारणार गं?"

लेकीने तिचीही चिठ्ठी बेरजेत का मिळवली होती ते तिला आत्ता कळलं. तो गेला काय नि ती गेली काय, संध्याकाळी कामावरून तो एकटाच परतणार होता. शक्यता दहात दोन होती. ती तिने स्वतःच्या हाताने, दोन घड्या जास्त घालून, दहात दहा केली होती.