लाल डोळ्याचं हरीण

उत्तरेचा वारा पहाटेपासून असा सुटला होता, की ग्रीक बेटावरच्या एर्मूपोलीच्या बंदरात बांधलेल्या होड्या एकमेकींना ढुशा देत होत्या. अशा वाऱ्यात लुकुमीच्या मऊ, चिकट वड्या पिठीसाखरेत घोळवायच्या म्हणजे दारं-खिडक्या घट्ट लावून बसावं लागतं. एक फट राहिली, तरी निम्मी साखर वड्यांना आणि निम्मी भिंतींना. लिनार्दोस घोळवत होता, त्याची बायको झाबेता खोक्यांत भरत होती. दोघांच्या भुवया पांढऱ्याफेक झाल्या होत्या. तशा त्या आता साखरेवाचूनही पांढऱ्याच होत्या.

खालून पांडेलिसची हाक आली. तोही याच धंद्यातला, आणि जिभेनं जरा जास्तच धारदार.

"लिनार्दो, ऱ्होड्सची बोट आली बघ. हरणाची खुशाली विचारायची नाही का?"

"जा बाबा," झाबेता म्हणाली. "आजच्याला शेवटचं विचारून घे. आणि विचारून झालं की खाली उतर. मला म्हातारपणी पुन्हा वाट बघायला लावू नकोस."

शेवटचंच होतं ते. उद्यापासून विकणाऱ्यांना बोटीवर चढायला बंदी. लुकुमी विकायची तर धक्क्यावर उभं राहून विका, असा वरून हुकूम आला होता.

लिनार्दोसचा सारा जन्म बोटींवर गेला आणि प्रवास म्हणाल तर एकच. बोट लागली की पांढरा डगला घालून, वेताची टोपली दंडाला अडकवून धावत वर चढायचं, "लुकुमी, लुकुमी" करत डेकभर फिरायचं आणि भोंगा झाला की खाली पळायचं. भोंग्याआधी गिऱ्हाईक, भोंग्यानंतर जमीन, हा या धंद्याचा कायदा. लिनार्दोसच्या हातून तो तरुणपणी एकदा मोडला. एका आजीबाईला गुलाबाची वडी हवी की बदामाची, याचा निकाल लागेना. तो लागला तेव्हा त्यानं वर बघितलं, तर धक्का आधी हातभर, मग घरभर, मग गावभर लांब गेलेला.

बोटीनं त्याला उतरवलं ते थेट ऱ्होड्स बेटावर. परतीची बोट दुसऱ्या दिवशी. तेवढ्या एका दिवसावर गडी पुढं आयुष्यभर जगला. तटाच्या भिंती केवढ्या जाड, गल्लीतली घरं एकमेकांच्या अंगावर पडू नयेत म्हणून मधे दगडी कमानी कशा, सावलीत पाय कसे गार पडतात, सगळं तो सांगायचा. उरलेली लुकुमी विकत तो त्या गल्ल्यांतून हिंडला. एका बाईनं अंगणात बोलावून मसुराचं कालवण आणि पाव दिला, वर कॉफी पाजली. त्या अंगणात काळ्यापांढऱ्या गोट्या उभ्या रोवून हरीण काढलं होतं. सगळं काळंपांढरं, डोळा तेवढा लाल. तुम्ही चालाल तिकडं ते बघायचं, म्हणे.

धक्क्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. "हरणं तिथल्या बंदराच्या तोंडाशी खांबांवर आहेत, धातूची," पांडेलिस म्हणायचा. "ती बघितलीस आणि उरलेली झोपेत." मग लिनार्दोसनं नादच लावून घेतला. ऱ्होड्सचं माणूस दिसलं की लुकुमी नंतर, आधी हरीण. कुणी हसायचं, कुणी आमच्याकडं फरशी आहे म्हणायचं. आताशा रात्री पडल्यापडल्या त्याचं त्यालाच वाटे, पांडेलिस खरं बोलत असला तर? आपल्याजवळचा एकुलता एक प्रवास, तोही घरबसल्या रचलेला?

आज तो वर चढला आणि विक्री सोडून विचारतच सुटला. एक म्हातारा बहिरा निघाला, एक जोडपं इथलंच, उतरायच्या नादात. शेवटी मागच्या डेकवर लाल पिशवी मांडीवर घेऊन बसलेली एक बाई सापडली.

"ताई, ऱ्होड्सच्या जुन्या शहरातल्या का तुम्ही?"

"मी नाही, माझी आत्या तिथली. का हो काका?"

"तिकडं कुणाच्या अंगणात गोट्यांचं हरीण..."

"आत्याच्याच शेजारी आहे की. लहानपणी आम्ही त्याच्यावर लंगडी घालायचो."

"आणि त्याचा डोळा?"

तेवढ्यात भोंगा झाला. बाई काहीतरी सांगू लागली, पण भोंग्यात एक अक्षर कळेना. लिनार्दोसचे पाय जागेवरच. आणखी जरा थांबलं की कळणार होतं. आणि जरा थांबलं की पुन्हा धक्का गावभर लांब. खालून पांडेलिस बोंबलत होता, "उतर रे येड्या, शिडी उचलतायत."

झाबेताचं सकाळचं बोलणं आठवलं आणि पाय सुटले. तो खाली आला, वळला, आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला. वाऱ्यानं शब्द मागं फेकले. मग त्यानं एक बोट स्वतःच्या डोळ्याला लावलं आणि हात हलवून विचारलं, कसा?

कठड्याशी आलेल्या बाईनं क्षणभर बघितलं. तिनंही आपल्या डोळ्याला बोट लावलं, आणि लाल पिशवी डोक्यावर उंच धरून हलवली, अख्ख्या धक्क्याला दिसेल अशी.

पांडेलिसनं लिनार्दोसच्या टोपलीतली एक वडी उचलून तोंडात टाकली. "गोड आहे," एवढंच म्हणाला.

घरी पोचेपर्यंत बातमी त्याच्याआधी जिना चढली होती. झाबेता खोकी बांधता बांधता थांबली होती.

"म्हणजे हरीण खरं."

"खरंच होतं. मी सांगत नव्हतो?"

"मग ती बाईपण खरी."

"कुठली बाई?"

"मसुराचं कालवणवाली. मी आजवर तिला हरणाच्या खात्यात टाकून गप्प बसले होते. कशी होती दिसायला?"

"म्हातारी होती गं. आईच्या वयाची."

"कालपर्यंत तर तुझ्या वयाची होती."

लिनार्दोसनं तोंड वळवलं. खिडकी नीट लागलीय का बघितलं, बाह्या वर सारल्या, आणि परातीत साखर ओतून पुढच्या वड्या घोळवायला घेतल्या.

"कॉफीत साखर किती घातली होती तिनं?" मागून आवाज आला.