मशीनला जोडायची माहेरनळी

अन्याय झाला माझ्या मावशीवर. भाऊबीज उरकून अंगणवाडी उघडली त्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेदहा वाजता, पोरं खिचडीच्या ताटल्या घेऊन बसलेली असताना तिला सांगण्यात आलं की उद्यापासून येऊ नका. कागद नंतर मिळेल. कागद अजून मिळालेला नाही.

मावशी विरारला मनवेलपाड्यात अंगणवाडी सेविका आहे. 'आहे' असंच लिहिते. 'होती' लिहायला लावायचं असेल तर आधी त्यांनी कागद द्यावा.

तिच्यावर आरोप आहे की तिने खोटी बाई दाखवून आहार उचलला. हे कसं झालं ते सांगते.

गरोदर बाईला दर महिन्याला आहाराची पाकिटं मिळतात. पूर्वी सही किंवा अंगठा पुरायचा. मग वरून एक हातमशीन आलं. दिसायला मोबाइलसारखं, पण त्यावरून फोन लागत नाही. आता बाईने स्वतः केंद्रात यायचं, मशीनपुढे तोंड धरायचं, डोळे मिचकवायचे. ओळख पटली तर हिरवी खूण आणि पाकिटं. नाही पटली तर लाल खूण, आणि बाई रिकाम्या पिशवीने घरी.

मी राहते तुळिंजला आणि सेविकांच्या संघटनेची पत्रकं लिहिते. वाटपाच्या दिवशी मी मावशीच्या मदतीला जायचे. पत्र्याखाली बायका रांगेत बसलेल्या, मशीनवर गोल चक्र फिरत राहिलेलं, आणि दुसरं करण्यासारखं काही नाही. त्यातून तो खेळ सुरू झाला. मशीनला अजून काय काय जोडायला हवं?

पहिलं मावशी म्हणाली, "ह्याला कुकरची शिट्टी लाव गो. सर्व्हर आला की वाजेल. तोवर मी भाजी तरी निवडते."

मग बायका सुटल्याच. बाळ मशीनकडे बघत नाही, म्हणून वर स्प्रिंगवर डुलणारा खुळखुळा. काचेवर घाम पडतो, म्हणून रिक्षासारखा हाताने फिरवायचा वायपर. एक सासू दर वेळी सुनेच्या खांद्यावरून डोकावायची आणि मशीन तिलाच गरोदर समजायचं. तिच्यासाठी सासूझाकण, म्हणजे सासूचं तोंड दिसलं की आपोआप पडणारी फळी.

"माझं तोंड एवढं वाईट का?" सासू म्हणाली.

"वाईट नाही काकू," मदतनीस बाई म्हणाली. ती इथल्याच जुन्या गावातली. "तुमचं तोंड ताकदवान. मशीन पानी पानी होतं."

याच सासूची सून पहिलटकरीण होती. अंगात रक्त कमी. डॉक्टरने खायला सांगितलेलं आणि घरात कमावणारा एक. चाळीतल्या एका खोलीत हे तिघं. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं आणि सून माहेरी गेली, चिपळूणच्या पुढे. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं? तुमच्या घरातही तसंच झालं असेल. हे ज्याला माहीत नव्हतं असा एकच माणूस या महाराष्ट्रात आहे, आणि त्यानेच हे मशीन बनवलं.

कारण मशीन म्हणालं, बाई समोर आणा. सासू म्हणाली, ती माहेरी आहे. मग तिकडच्या अंगणवाडीत नाव हलवा. तिकडची सेविका म्हणाली, नाव हलवायचं तर आधी जुन्या केंद्रात चेहरा द्यावा लागेल. म्हणजे सातव्या महिन्यातल्या बाईने एसटीने इथवर यायचं, 'मी इथे नाही' हे सांगायला.

त्या दिवशी खेळात सगळ्यात मोठं यंत्र निघालं ते माहेरनळी. घडीची नळी. एक टोक मशीनला लावायचं, दुसरं माहेरच्या ओटीवर. सून तिकडून तोंड लावणार, इकडे हिरवी खूण. त्याच नळीतून पाकिटंही सोडायची.

"मधे खंडाळ्याला अडकली तर?" कोणीतरी म्हणालं.

"चिपळूणला जाताना खंडाळा लागतो का तुला?" सासू म्हणाली. "कशेडी घाटात अडकेल."

मी घरी जाऊन ह्याचं पत्रक लिहिलं, जाहिरातीसारखं. 'मशीनला जोडायची नवी साधने.' प्रत्येकाचं चित्र काढलं. माहेरनळीखाली लिहिलं, 'आम्ही वापरून पाहिली आहे. खात्रीशीर.' आचोळ्याच्या मोर्चात ते वाटलं. लोक हसले. मला वाटलं, आता वरच्यांना लाज वाटेल.

मावशीने त्यांच्या लाजेची वाट बघितली नाही. पुढच्या वाटपाला तिने सासूच्या मोबाइलवरून सुनेला व्हिडिओ कॉल लावला आणि तो मोबाइल मशीनच्या डोळ्यासमोर धरला. सुनेने तिकडे डोळे मिचकवले. मशीनने हिरवी खूण दिली. पाकिटं गावाला निघालेल्या शेजाऱ्याबरोबर गेली. त्याच्या पुढच्या महिन्यातही तसंच. मावशीने हे लपवलं नाही, सगळ्या रांगेसमोर केलं. तिच्या मते बाई जिवंत होती, समोर होती, बोलत होती. अजून काय पाहिजे?

मग वर कुठेतरी बसून कोणीतरी फोटो तपासले. सुनेच्या चेहऱ्याभोवती मोबाइलची चौकट दिसली. कपाळाच्या वर बॅटरीची खूण.

त्या सोमवारी मॅडम आल्या तेव्हा मीही तिथे होते. मावशीवर देखरेख करणाऱ्या. वाईट बाई नाही. पोरांच्या गालाला हात लावून आत आल्या, बसल्या, आणि पिशवीतून माझं पत्रक काढलं.

"हे कोणी लिहिलं?"

"मी," मी म्हणाले.

"इथे लिहिलंय, वापरून पाहिली आहे. कुठे आहे ही नळी?"

मला वाटलं चेष्टा करतायत. त्या चेष्टा करत नव्हत्या. त्यांना वरून विचारलं होतं की मशीनला कुठलं बाहेरचं साधन जोडलं होतं, आणि त्यांना उत्तर न्यायचं होतं.

"मॅडम, तसली नळी नसते. इथे कुकरची शिट्टीही आहे. तीही जप्त करणार का?"

"तुम्ही मधे बोलू नका. सेविकेने बोलावं."

मावशी म्हणाली, "बाई खरी आहे. मी तिला गरोदर असल्यापासून ओळखते. तिच्या घरी गेलेय. तिच्या पोटाला हात लावलाय."

"ते मी मानते हो," मॅडम म्हणाल्या. "मी मानून काय होतंय?"

आणि उद्यापासून येऊ नका, असं सांगून त्या उठल्या. मावशीने पोरांचं खाऊन होऊ दिलं, ताटल्या घासून पालथ्या घातल्या आणि किल्ली मदतनीस बाईच्या हातात दिली. मी पाहत होते. ती रडली असती तर बरं झालं असतं.

सुनेचं बाळ दिवाळीच्या आधीच झालं होतं. वजन इतकं कमी की काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. पाकिटं दोनच महिने पोचली, आणि तेही मावशीच्या गुन्ह्यामुळे. सवा महिना झाल्याझाल्या, तिच्या आईचं मन नसताना, सून बाळाला घेऊन विरारला आली. का? तर मावशीसाठी कार्यालयात उभं राहायला. मी खोटी बाई नाही, हे सांगायला.

आम्ही तिला घेऊन गेलो. मॅडमनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, मशीन काढलं. सुनेने बाळ सासूकडे दिलं आणि तोंड पुढे केलं. डोळे मिचकवले. लाल. परत. लाल. नोंदणीच्या वेळी तिचे गाल भरलेले होते. आता गालांची हाडं वर आलेली, डोळे आत गेलेले. बाळंतपणाने आणि उपासाने तिचं तोंड बदललं होतं, आणि मशीनला जुनंच तोंड हवं होतं.

"हीच ती," सासू म्हणाली. "मी सासू आहे तिची, मला विचारा."

"नातेवाइकांचं चालत नाही, केंद्रातल्या कोणाचंही नाही," मॅडम म्हणाल्या. मान खाली होती. "बाहेरच्या एखाद्या रहिवाशाने लेखी दिलं की हीच ती बाई, तर मी वर पाठवू शकते."

चाळीसमोर एक इमारत आहे. तिथल्या एका गृहस्थांच्या खिडकीतून चाळीचा नळ दिसतो. सून सहा महिने रोज सकाळी तिथे पाणी भरायची. मी त्यांच्याकडे गेले.

"ओळखतो की," ते म्हणाले. "रोज बघायचो. बिचारी. पण ताई, सही वगैरे नको. उगाच नाव लागायचं कुठेतरी."

त्यांच्या शेजाऱ्यांनीही हेच सांगितलं, चहा देऊन.

मावशी अजून घरी बसली आहे. तिला परत बोलवायला एक सही लागते, आणि सगळ्यांना ती बाई माहीत आहे.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या खिडकीतूनही कोणीतरी दिसतं. वाटपाच्या दिवशी तुमच्या गल्लीतल्या अंगणवाडीत जा आणि दारात उभे राहा. मशीन जिला लाल दाखवेल तिच्याकडे नीट बघा. मग कागद घ्या. 'ह्या बाईला मी ओळखतो, ही खरी आहे' असं लिहा, खाली पूर्ण नाव आणि सही करा, आणि तो कागद स्वतः कार्यालयात नेऊन द्या. पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.