चिठ्ठी कोणाच्या नावाची?

औषध घेऊन गिऱ्हाईक पायरी उतरलं, की मागून हाक यायचीच. "ओ, थांबा, थांबा जरा!" गिऱ्हाईक वैतागून वळायचं. काका काउंटरवर ओणवे होऊन हात पुढे करायचे. "पाकीट द्या बघू एकदा इकडे." मग ओठ हलवत चिठ्ठी पुन्हा वाचायचे, पाकीट पुन्हा वाचायचे. सगळं बरोबरच असायचं. त्यांचं आडनाव दुकानाच्या पाटीवर चांगलं ठळक लिहिलेलं होतं, पण रत्नागिरीच्या बाजारपेठेत त्यांना सगळे थांबाकाकाच म्हणत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. दुसऱ्या दुकानांत "त्या तापाच्या कॅपसुला द्या" म्हटलं की मिळायच्या. इथे पहिला प्रश्न, "चिठ्ठी?" आणि दुसरा, "कोणाच्या नावाची?" औषध दिलं की चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का आणि तारीख. तीच चिठ्ठी पुन्हा चालवायची तर डॉक्टरांनी तसं लिहिलेलं हवं, नाहीतर जा परत डॉक्टरांकडे. आखातातून सुट्टीवर आलेला एकजण एकदा म्हणाला, "काका, विमानतळावरून सुटलो, पण तुमच्याकडून काही सुटत नाही." काका शांतपणे म्हणाले, "तिथे तुमच्या बॅगेत काय आहे ते बघतात. मी तुमच्या पोटात काय जाणार ते बघतो."

माणूस मात्र कमालीचा भित्रा. ड्रग इन्स्पेक्टर येणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी त्यांना घास गिळवायचा नाही. आणि दुकानात वेडंवाकडं एक काही नाही हो! मी त्यांची थट्टा करायची. मी तेव्हा कचेरीत कारकून होते, येताजाता त्यांच्या दुकानाशी टेकायची. एकदा म्हणाले, "अगो, हातातून गेलेली गोळी मागे घेता येत नाही. मग बरोबर दिली ना, म्हणून रात्री आठवत पडून राहतो."

माझ्या आईला दमा होता. ती गावाला, वाडीत राहायची. तिथले निम्मे पुरुष मुंबईला. मुंबईच्या डॉक्टरची चिठ्ठी म्हणजे तिथे केवढं अप्रूप! शेजारून विळी मागून आणावी तशी ती घरोघर फिरायची. शेजारच्या तात्यांना दम्यासाठी मिळालेली अशीच एक चिठ्ठी आईने आपल्याकडे ठेवून घेतली होती, आणि बाजाराला जाणारं कोणी ना कोणी तिच्यावर गोळ्या आणून देत होतं. मला याचा पत्ताच नाही. दिवाळीनंतर आई माझ्याकडे राहायला आली आणि येताच अंथरुणाला खिळली. मग पिशवीतून चिठ्ठी काढून म्हणाली, "ह्या गोळ्या आण गो. तात्यांचा श्वास मोकळा होतो, माझा नाय का व्हायचा?"

मी धावत थांबाकाकांकडे गेले. त्यांनी चिठ्ठी वाचली. "हे कोण गो तुझे?"

"शेजारी."

"आणि गोळ्या कोणाला?"

"आईला. पावसाळाभर घेतेय. परवा संपल्या."

"आता कशी आहे?"

"उलट्या होतायत. उठून बसवत नाही तिला."

काकांचा चेहरा पांढरा पडला. म्हणाले, "देता येत नाही."

माझं डोकंच फिरलं. "काका, माणूस मरायला टेकलंय आणि तुम्ही नाव कसलं बघत बसलात!"

"ओरड, पण ऐक. ही स्टिरॉइडची गोळी इतके दिवस घेऊन एकदम तुटली, तर माणूस कोसळतं. तिला आत्ता डॉक्टरांनी बघायलाच हवं." भर बाजाराच्या वेळेला त्यांनी दुकान बंद केलं आणि माझ्या पुढे चालू लागले.

डॉक्टर घरी नव्हते. जवळच मिऱ्या गावात कोणाला तरी बघायला गेलेत, येतीलच, असं घरच्यांनी सांगितलं. आम्ही त्यांच्या पायरीवर बसलो. काका उठत, रस्त्याच्या वळणापर्यंत जात, परत येऊन बसत. माझ्या डोळ्यांसमोर आई. शेवटी मला राहवेना. "काका, पायां पडते तुमच्या. दुकान उघडा नि द्या मला गोळ्या. कोणाला कळणारे?" काकांच्या कपाळावरून घामाच्या धारा वाहत होत्या, त्या त्यांनी पुसल्याही नाहीत.

तेवढ्यात स्कूटर आली. डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि हेल्मेटही न काढता मला मागे बसवलं. घरी इंजेक्शन, मग इस्पितळ, सलाईन. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. आई वाचली. पुढे तिच्या गोळ्या डॉक्टरांनी बेताबेताने उतरवत आणल्या. दर वेळी ती स्वतः दुकानात जाऊन चिठ्ठी काकांपुढे नाचवायची, "ही माझ्याच नावाची बरं का!" काका हसायचे, शिक्का मारायचे. मीही हसायची, पण त्या पायरीवरचं बसणं मला विसरता येत नव्हतं. आई तिकडे तळमळत होती आणि हा माणूस कायदा घेऊन बसला होता, असंच मनात यायचं.

काही वर्षांनी काकांनी दुकान विकलं आणि मुलाकडे कल्याणला निघाले. एसटी स्टँडवर मी पोचवायला गेले. गाडी लागली, सामान चढलं. मग धीर करून विचारलं, "काका, त्या दिवशी डॉक्टर आलेच नसते तर?"

त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं. मग हळूच म्हणाले, "गोळ्या माझ्या खिशातच होत्या गो. दुकान बंद करतानाच घेतल्या होत्या."

"म्हणजे दिल्या असत्यात?"

"डॉक्टर नाहीच आले तर द्यायच्या, आणि सकाळी इन्स्पेक्टरला आपणच जाऊन सांगायचं, असं ठरवलं होतं. पण तू पायां पडते म्हणालीस, तेव्हा हात खिशात गेला नि तिथेच राहिला. स्कूटर आली नसती तर तो बाहेर आला असता की नाही, मला अजून कळलेलं नाही. तुझी आई चिठ्ठी घेऊन यायची ना, दर वेळी तेच मनात यायचं."

कंडक्टरने घंटी मारली. मी त्यांचा हात धरून म्हटलं, "दिल्या असत्यात काका. नक्की दिल्या असत्यात." त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलेलं काही दिसलं नाही.