खिडकीची सीट

तिचा चेहरा मी विसरले, पण पदराआड धरलेल्या कोंबडीला सारखा थोपटणारा हात आठवतो. दारव्ह्याहून यवतमाळला जाणाऱ्या जीपमध्ये ती खिडकीशी बसली होती, शेजारी मी आणि बाबा. कॉम्प्युटरच्या डिग्रीला माझा पुण्यात आणि अमरावतीत, दोन्हीकडे नंबर लागला होता. कापसाला भाव नव्हता, त्यामुळे बाबांचं एकच चाललेलं, "पुण्याची सीट सोडून दे."

तिला सीट म्हणजे जीपमधलीच ठाऊक. ती लगेच कोंबडी सावरत सरकू लागली. "पोरीले लांब जायचं हाय न भाऊ? मंग कायले दाबून बसवता तिले? ये माय, खिडकीत बस. हवा लागन."

बाबा हसले, मग त्यांनी मला खिडकीशी बसू दिलं. यवतमाळला उतरल्यावर त्यांनी आधी पुण्याच्या गाडीची वेळ विचारली.