बावन्न किलोच्या सासूबाई

सिल्लोडच्या मोंढ्यात मी हमाली करायचो, तेव्हा घरी गेलो की बायको दारातच अडवायची. अंगभर कापूस! कितीबी झटका, कानामागं एखादा पुंजका राहायचाच. आता म्हातारपणी जिममध्ये काम करतो, तर तिथल्या किश्शांचं तसंच झालंय. मी काय ते गोळा करीत नाय. दार उघडतो, झाडू मारतो, बायकांनी कुठंबी सोडलेली वजनं जागेवर ठेवतो. घरी जाऊन बघावं तर एखादा किस्सा चिकटलेला असतोच!

* * *

आमची जिम हर्सूलच्या रस्त्याला, मेडिकलच्या वर. सकाळी अकराला लेडीज बॅच. शिकवायला प्राजक्ता मॅडम. वय माझ्या नातीएवढं, आवाज मात्र मोंढ्यातल्या मुकादमाचा!

वंदनाताई पहिल्या दिवशी आल्या त्या ओढणीला पिना लावून, चपला जिन्याखालीच काढून. पन्नाशीला आलेली बाई. आयुष्यात कधी शाळेच्या मैदानावरबी धावली नसेल.

मॅडमनी उठाबशा काढायला लावल्या. तिसऱ्या उठाबशीला ताईंचा पाय शेजारच्या डंबेलला लागला. ताई थांबल्या, वाकल्या, डंबेलला हात लावून कपाळाला लावला. परत सुरू. परत पाय लागला, परत नमस्कार!

मॅडम म्हणाल्या, "ताई, मी स्क्वॉट मोजू का नमस्कार?"

ताई धापा टाकत म्हणाल्या, "जे जास्त होतील ते मोजा!"

* * *

त्याच दिवशी फॉर्म भरायचा होता. 'तुमचं ध्येय काय' असा रकाना असतो. ताईंनी लिहिलं, बावन्न किलो.

मॅडमनी ताईंना वरून खालपर्यंत बघितलं. "सत्तरवरून बावन्न? लई वेळ लागेल ताई."

"अहो, मला बावन्न व्हायचं नाहीये. मला बावन्न उचलायचेत. माझ्या सासूबाई!"

मग खरं काय ते कळलं. सासूबाई बाथरूममध्ये पडल्या होत्या. लागलं नाय, पण उठता येईना. ताईंनी ओढून बघितलं, तर दोघीबी फरशीवर बसल्या. नवरा ऑफिसात. शेवटी वरच्या मजल्यावरच्या साहेबांना हाक मारली. ओल्या पातळात म्हातारी, आणि परका माणूस उचलतोय. तेव्हापासून सासूबाईंचं एकच चाललेलं, "परत पडले तर पडू दे. कुणाला बोलवायचं नाही."

मॅडम फॉर्म बाजूला ठेवून म्हणाल्या, "उद्यापासून बूट घालून यायचं."

* * *

ताईंना जोडीदारीण मिळाली नसीमआपा. तोंडानं फटकळ, मनानं लई मऊ. पण वजन उचलताना तिची गिनती आठाच्या पुढं जाईना. "छे... सात... आठ... आठ... आठ..."

मॅडम ओरडल्या, "आपा, आठ किती वेळा?"

"हौ मॅडम, गिनती रुकी. मैं कहां रुकी?"

खरंच, तेरा झाले होते. मी मोजले होते!

* * *

मॅडमनी सांगितलं, ताकद पाहिजे तर प्रोटीन पाहिजे, अंडी खा. ताईंच्या घरात अंडं चालत नाय. हे सासूबाईंच्या कानावर गेलं, आणि दुसऱ्या दिवशी डबाभर शेंगदाण्याचे लाडू जिममध्ये हजर. वर निरोप, "त्या मुलीला म्हणावं, आधी दोन खाऊन बघ, मग प्रोटीनचं बोल."

मॅडमनी तीन खाल्ले!

ताईंच्या जेवणात मग रोज लाडू, पनीर, हरभऱ्याची उसळ. महिन्याभरात ताई तीस किलो उचलायला लागल्या. मॅडम खूश. पण एक दिवस ताई तोंड पाडून आल्या.

"काय झालं?"

"काल आईंना डॉक्टरकडं नेलं होतं. मी खाते तेच त्याही खातात ना! चोपन्न भरल्या!"

नसीमआपा तिथंच मॅटवर लोळून हसली. "या अल्ला! तू उठाती रह, वो बढती जाएगी!"

* * *

पण ताईंनी पाठलाग सोडला नाय. एक दिवस चोपन्नच्या वर वजन लावलेला दांडा जमिनीवरून उचलला. टाळ्या, शिट्ट्या, सगळं झालं!

दुसऱ्या दिवशी परत तोंड पाडलेलं. घरी सासूबाईंना पलंगावरून उचलून बघितलं होतं. "दांडा हातात बसतो हो. आई हातात बसतच नाहीत. पाण्यासारख्या निसटतात."

मी कधी मध्ये बोलत नाय. पण त्या दिवशी राहवलं नाय. म्हटलं, "ताई, माणसाला दांडा नसतो."

सिल्लोडच्या मोंढ्यातून मक्याचं पोतं मागवलं. सैलसर भरलं, इकडं तिकडं कलंडणारं. ताईंना म्हटलं, "हातानं ओढू नका. आधी मिठी मारा. छातीला लागलं की मग टाचांनी जमीन दाबा. ते आपसूक वर येतंय."

मॅडम मागं उभ्या राहून ऐकत होत्या. "काका, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"मक्यानं!"

मॅडमनी पोतं कायमचं ठेवून घेतलं. नसीमआपानं त्याचं नाव ठेवलं 'सासू'. रोज सकाळी ओरडायची, "आज पहले सासू किसकी?"

* * *

आणि एक दिवस मी दारात बसलेलो, तर जिन्यात कठडा धरून एक म्हातारी हळूहळू वर येतेय. दर चार पायऱ्यांना थांबतेय. मी हात पुढं केला. त्यांनी तो घेतला नाय. "माझी सून इथं येते. कुठंय?"

तेवढ्यात आतून नसीमआपाचा आवाज, "वंदना, सासू को छाती से लगा! पटकना नक्को!"

सासूबाई दारातच उभ्या राहिल्या. आत ताई पोत्याला मिठी मारून घामाघूम.

पोतं धपकन खाली.

सासूबाईंनी पोत्याकडं बघितलं. "ही मी का?"

मीच म्हटलं, "मका हाय, माई."

"वजन?"

"चोपन्न."

"काढा ते." मॅडमचा हात धरून त्या सावकाश मॅटवर बसल्या. पदर नीट केला. "चल, वंदना."

"आई, इथं? सगळ्यांसमोर?"

"सगळ्या बायकाच आहेत."

मी तोंड फिरवलं. पण जिममध्ये जिकडं फिरावं तिकडं आरसा! म्हणून मान खाली घातली. आरशात खाली ताईंचे बूट दिसले. टाचा जमिनीला घट्ट चिकटलेल्या. नसीमआपा श्वास रोखून उभी. मग त्या बुटांच्या समोर दोन अनवाणी, सुरकुतलेले पाय सरळ उभे राहिले.

मॅडमचे डोळे भरलेले.

सासूबाईंनी पदर परत खांद्यावर घेतला आणि मॅडमकडं बघून म्हणाल्या, "मी परत खाली बसते. तुम्ही मोजलंच नाही!"