पडद्यांचं माप

माझ्या ताईइतकी चिकित्सक बाई मी जन्मात पाहिली नाही. शिवणकाम करते, गळ्यात कायम टेप. कपडा घेताना उलटा करून शिवण ओढून बघणार, दुकानदार वैतागला तरी बघणार. अशा बाईने घर घ्यायचं काढलं तेव्हाच मी कपाळाला हात लावला.

पण तिची घाई खरी होती. घरमालकाने महिनाअखेर खोली सोडायला सांगितली होती, आणि दर वेळी शिलाई मशीन उचलून नवी जागा शोधण्याचा तिला वीट आला होता. शेवटी एक घर मनात भरलं. वकिलाने कागद तपासले, सगळं स्वच्छ. घर म्हाताऱ्या वडिलांचं, विकायचं मुखत्यारपत्र मुलाकडे. "वडील धाकट्याकडे असतात, सामान नंतर नेऊ," मुलगा म्हणाला. त्या दिवशी दुपारी बयाणा द्यायचा होता. ताईने सकाळीच चपला घातल्या.

"कशाला आता? तो बिथरला तर घर जाईल हातचं!"

"दर वेळी संध्याकाळी, त्याच्याच सोयीने बघितलंय. एकदा माझ्या वेळेला बघू दे."

दार एका आजोबांनी उघडलं. ताईच्या गळ्यातली टेप बघून त्यांचा चेहरा खुलला.

"या, या! पडद्यांचं माप ना? मुलगा घर नवं करून देतोय मला. सकाळी आलात ते बरं, संध्याकाळी मी बागेत असतो."

मी ताईला डोळ्यांनी विनवत होतो, गप्प बस बाई, आपल्याला काय करायचंय! तिने खरंच खिडकीला टेप लावली.

"आजोबा, तुम्ही कुठे सही केलीत का?"

"केली की. डागडुजीची परवानगी म्हणे. सरकारी ऑफिसात नेलं होतं त्याने. चष्मा घरीच राहिला, मग त्याने बोट ठेवलं तिथे केली."

तेवढ्यात मुलगा आला. आम्हाला बघून पांढराफटक पडला, मग उगाच हसला. "अरे वा, मापं चालू वाटतं!" आणि ताईच्या कानाशी येऊन कुजबुजला, "भाव कमी करतो. फक्त आत्ता काही बोलू नका."

एक शब्द गिळला की घर तिचं! ताईने टेप गुंडाळली.

"आजोबा, मी पडदे शिवायला नाही आले. हे घर विकत घ्यायला आलेय. तुमचा मुलगा विकतोय."

आजोबा ओरडले नाहीत की रागावले नाहीत. मुलाकडे वळून एवढंच म्हणाले, "मग मी कुठे राहणार होतो रे?"

मला तिथे उभं राहवेना.

रस्त्यावर आल्यावर ताई एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.

"चांगलं केलंस गं," मी म्हणालो.

"चांगलं गेलं खड्ड्यात! मला ते घर हवं होतं रे."