पट्टीवरची फुली

आता तिथं टॉवर आहे, दिवे आहेत, तिकिटाची खिडकी आहे. मैनुद्दीनच्या वेळी केजच्या पलीकडच्या त्या माळावर होतं काय? निजामाच्या काळात विमानं उतरायला दाबलेली मुरमाची पट्टी, वारा दाखवणारी एक पिशवी आणि एक चौकीदार, म्हणजे तोच. तरी कुणी विचारलं तर मैनुद्दीन ऐटीत ‘एअरपोर्टवर असतो’ म्हणायचा. निजाम गेला, फौज आली. साखर कारखाना उभा राहिला तशी चेअरमनसाहेबांचीही विमानं उतरू लागली. आठवड्यातले चार दिवस पट्टी फौजेची, तीन दिवस मुलकी. मैनुद्दीन मात्र सातही दिवस तिचाच.

बहात्तर साली पाऊस फिरकलाच नाही. पुढच्या उन्हाळ्यात पट्टी डांबरी करायचं काम दुष्काळी कामात निघालं आणि मजूर सोसायटीनं ते घेतलं. तीनशे माणसं खडी फोडायला बसली. पाटलांचे आबासाहेब आणि बौद्धवाड्यातली सरूबाई एकाच ढिगावर! भल्याभल्यांना जे जमलं नव्हतं ते दुष्काळानं करून दाखवलं.

पट्टीवर वायरलेस नव्हतं. काम चालू असलं की मैनुद्दीननं मधोमध पांढऱ्या कापडाची मोठी फुली अंथरायची. फुली दिसली की विमान वरूनच परत. नसली की पट्टी मोकळी, खुशाल उतरा. वीस वर्षांत त्याची फुली एकदाही चुकली नव्हती.

त्या बुधवारी भर दुपारी तो टँकरवर घागर भरायला गेला. परतताना विमानाची घरघर कानावर आली. सवयीनं त्यानं पट्टीकडं पाहिलं. फुली नव्हती.

सरूबाईच्या टोळीनं ती उचलली होती. तान्ही पोरं तीन काठ्या बांधलेल्या तिकाट्यांना झोळीत टांगलेली, ऊन आग ओकणारं, आणि एवढं चांगलं कापड नुसतं जमिनीवर पडलेलं. कुठल्या आईला राहवेल? बायांनी ते टराटरा फाडून झोळ्यांवर सावली केली होती.

फौजेच्या विमानानं पहिली घिरटी घातली. दुसऱ्या घिरटीला ते उतरणार, हे मैनुद्दीनला पाठ होतं. पट्टीवर खडीचे ढीग, डांबराची पिंपं, रोडरोलर. आणि आमची माणसं पळायचं सोडून विमानाला हात करत उभी!

“पळा! पोरं उचला!” घागर टाकून धावत तो ओरडला. “आन् पटके सोडा! फुली करायची हाय, जल्दी!”

तिघाचौघांनी सोडले. ते आखूड, मळके, मातीत दिसेनात. आबासाहेबांचा पटका सगळ्यांत लांब आणि पांढराशुभ्र. त्यांचा हात डोक्याशी जाऊन थांबला. घरात मयत झाल्याशिवाय चारचौघांत डोकं उघडं करायचं नाही, हे त्या भागात पोरासोरालाही ठाऊक होतं.

“माज्या घरात कुनी मेलं न्हाई, मैनुद्दीन.”

“मग मरायची वाट बघायची का, आबा?”

विमान वळलं होतं. सरूबाई दोन काखांत दोन पोरं घेऊन पळत होती, आणखी तीन झोळ्या तशाच लोंबत होत्या. आबासाहेबांनी तिकडं पाहिलं आणि एका हिसक्यात पटका ओढला. दोघांनी दोन टोकं धरली, मधे फाडला, आडवातिडवा टाकला, वर खडी दाबली. चाकं खाली काढून विमान समोरून येतच होतं. सावली अंगावरून सरकली आणि मैनुद्दीननं डोळे मिटले. मग कानठळ्या बसवणारा आवाज झाला, धुरळा उडाला, आणि विमान वर चढून गेलं.

दुसऱ्या दिवशी फौजेचे साहेब जीपनं आले. कापड कुणी फाडलं, एवढंच त्यांनी विचारलं. ज्या टोळीचं नाव निघेल ती हजेरीपटावरून जाणार, हे मुकादमानं आधीच बजावलं होतं. त्या उन्हाळ्यात हजेरीपट म्हणजेच भाकरी. सरूबाई उठायला लागली, तोच मैनुद्दीन तिच्या पुढं येऊन उभा राहिला.

“मीच दिलतं, साहेब. पोरं करपत होती.”

“कावून खोटं बोलता, भाई?” ती मागून पुटपुटली.

“तू गप बस, माय.”

वीस वर्षांची नोकरी उभ्या उभ्या गेली. तिसऱ्या दिवशी हातोडा घेऊन तो मजुरांत आला, मान खाली घालून. कुठं बसावं ते त्याला कळेना. बोडक्या डोक्यानं खडी फोडत बसलेले आबासाहेब जरा सरकले.

“बस हितं,” ते म्हणाले. “पहिल्या दिवशी लई जड जातं. मंग लाज मोडती.”